परसातील फुलपाखरे व गोडनिंबावरील अळी

परसात एक्झोरा, सदाफुली व झेंडू लावला की फुलपाखरे आपोआप येतात, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य होय. मध प्राशन करून फुलपाखरू निघून जाते. ते परसात वसावयाचे तर त्याच्या अळीस खाद्य हवे. आणि नेमकी ती अळी दिसताच घरधनी फवारणीचा पंप हाती घेतो.

लिंबावरील फुलपाखराची अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. संग्रामपूर व जळगाव जामोदकडील संत्रा उत्पादकांनी आपल्या रोपवाटिकेत तिची गय करू नये. कोवळी रोपे ती पर्णहीन करते. तेथे ती हाताने वेचून नष्ट करावी. परंतु परसातील वाढलेल्या गोडनिंबाची चार पाने गेली तर बिघडले कोठे? महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढतात. फुलपाखराचा गौरव करावयाचा व अळीस विष पाजावयाचे, ही विसंगती सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांच्या नजरेस आणून द्यावी.

बांधावरची रुई सरसकट उपटू नये. तिच्या पानांवरही एका केशरी फुलपाखराची अळी पोसते. घाणेरी मात्र कुंपणास लावू नये. तिच्या फुलांवर फुलपाखरे जमतात हे खरे. पण ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या गावांनी तरी हे परदेशी झुडूप रानात पसरण्याचा धोका पत्करू नये. त्याऐवजी एक्झोराच बरा. उन्हाळ्यात त्यास न्हाणीचे सांडपाणी द्यावे.