काटेरी लगाम आणि अर्धवट शिक्षण

पेण, रोह्यामार्गे अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर पोहोचलेला पर्यटक हौसेने घोड्यावर बसतो. त्या घोड्याच्या तोंडात काय आहे, हे मात्र पाहत नाही. काटेरी लगाम वापरण्यास केंद्राच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तथापि, प्रश्न केवळ बंदीचा नाही, घोड्याच्या शिक्षणाचा आहे.

घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवून शिकवताना लगामापासून तंगापर्यंत बाजूचे पट्टे बांधण्याची पद्धत जगभर आहे. ते बेताचे असतील तर घोडा तोल सावरायला शिकतो. आखूड बांधल्यास तो केवळ मान दुमडतो, पाठ ताठच राहते. घोड्याने ऐकताच जाणता हात लगाम सैल सोडतो आणि त्या सुटकेतूनच घोडा शिकतो. बांधलेल्या पट्ट्याला ही समज नसते.

अशा शिक्षणाला महिने लागतात. पर्यटनाचा हंगाम तेवढा थांबत नाही. मग अर्धवट शिकलेला घोडा वेदनेच्या बळावर काबूत ठेवण्याचा मोह होतो. वेदनेने बिथरलेला घोडा स्वारालाही धोकादायक ठरतो. परवाने देणाऱ्या यंत्रणांनी साजाबरोबर शिक्षणही तपासले आणि घोडेवाल्यांना प्रशिक्षण दिले, तरच हा नियम कागदावरून वाळूवर उतरेल.