व्हीआर हेडसेट घ्यावा का? आधी हिशेब मांडू या



डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट आता फक्त मुलांच्या हट्टाचा विषय राहिलेला नाही. आमच्या घरी नववीतला मुलगा तो मागतोय, हे तर आहेच. पण गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीतही तोच विषय निघाला. ज्या श्राविकांना आता डोंगर चढवत नाही, त्यांना घरबसल्या तीर्थदर्शन घडावे म्हणून मंडळाने दोन हेडसेट घ्यावेत, आणि पैसे यात्रेसाठी जमवलेल्या निधीतून घ्यावेत, असा प्रस्ताव आला. सुचवणाऱ्या ताईंचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. तरीही माझे मत विरोधात आहे. बैठकीत दोन मिनिटांत सगळे सांगता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोहण्याच्या गॉगलसारखे, पण बरेच मोठे आणि जड असे ते असते. आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र दिसते, म्हणून खोली भासते. मान वळवली की चित्रही वळते, आणि आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असे वाटते.

आता किमतीकडे येऊ. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मेटा कंपनीचा (तेव्हाची फेसबुक) क्वेस्ट २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला. एरवी जुने होत जाणारे यंत्र स्वस्त होते. इथे उलटे झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याच यंत्राची किंमत १०० डॉलरने वाढवली. उत्पादन आणि वाहतुकीचा खर्च वाढला, असे कारण दिले. आपल्या बाजूने पाहिले तर मधल्या काळात रुपयाही घसरला होता. म्हणजे सुमारे २२ हजारांची वस्तू साडेएकतीस हजारांच्या पुढे गेली, आणि कर वेगळा. २०२३ मध्ये क्वेस्ट ३ आला तो ४९९ डॉलरला. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲपलचा व्हिजन प्रो आला तो ३,४९९ डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने कर सोडून जवळजवळ २ लाख ९० हजार रुपये! त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आहेत, आणि हेडसेटला त्याच चिप लागतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये क्वेस्ट ३एस पुन्हा २९९ डॉलरला आला. म्हणजे भाव नेहमी चढतातच असे नाही, आणि जो थांबला त्याचे काही बिघडले नाही. घाई करणाऱ्याचे मात्र बिघडू शकते, कारण या यंत्रांचे आयुष्य आपल्या मिक्सरसारखे नसते. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या क्वेस्टला सुरक्षेचे अपडेट मिळायचे २०२४ मध्ये थांबले. पाच वर्षे झाली की कंपनीच्या लेखी वस्तू जुनी. माझा मिक्सर अकरा वर्षांचा आहे आणि अजून रोज चटणी वाटतो.

पण महाग आहे म्हणून नको, एवढेच माझे म्हणणे नाही. महाग वस्तूही कधी कधी योग्य असते. आपण नेमके कशाचे पैसे मोजतोय, ते पाहू या.

महागड्या हेडसेटला बाहेरून कॅमेरे असतात. आपण खोलीत एक पाऊल पुढे टाकले, खाली वाकलो, हात उचलला, तर ते त्याला कळते आणि चित्र त्याप्रमाणे बदलते. किमतीतला मोठा भाग या करामतीचा असतो. पण तीर्थदर्शन म्हणून आपल्याला जे दाखवतात ते बहुतेक ३६० अंशांचे व्हिडिओ असतात. मंदिरात एका जागी कॅमेरा ठेवायचा आणि चहूबाजूंचे चित्रण करायचे. त्यात मान फिरवून बघता येते, पण आपण होऊन एक पाऊलही पुढे जाता येत नाही. कॅमेरा जिथे होता तिथेच आपण. म्हणजे ज्या सोयीसाठी हजारो रुपये मोजायचे, ती सोय दर्शनात वापरलीच जात नाही. मान वळवून बघण्याचे काम तर मोबाईल अडकवायच्या साध्या खोक्यातही होते. गूगलने २०१४ मध्ये असे पुठ्ठ्याचे खोके काढले होते. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओडाइव्ह नावाचे तसलेच साधन १,२९९ रुपयांना मिळत होते. महागड्या यंत्रात चित्र जास्त स्वच्छ दिसते, हे खरे. पण फरक तेवढाच.

सासूबाईंना हे न सांगता कळले. माझा भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याने आपला हेडसेट त्यांना लावून दिला आणि एका मंदिराचा व्हिडिओ दाखवला. त्या आधी खूश झाल्या. कळस पाहिला, खांब पाहिले. मग सवयीने खाली पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, माझे पाय कुठं गेले?” व्हिडिओत बघणाऱ्याचे पाय नसतातच. मग मूर्तीसमोर धोक द्यायला वाकल्या, तर मूर्ती जवळ येईना. पाच-सात मिनिटांत त्यांनी तो काढायला सांगितला. मान दुखते म्हणाल्या, आणि गरगरल्यासारखे होते म्हणाल्या. क्वेस्ट ३ चे वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर आहे, आणि ते सगळे तोंडावर पुढे असते. शिवाय डोळे सांगतात आपण हललो आणि कान सांगतो आपण बसलोय, त्यामुळे काहींना मळमळते. ज्यांच्यासाठी आपण हे घ्यायला निघालो आहोत, त्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत. चक्कर येणाऱ्या आहेत, मोतीबिंदू झालेल्या आहेत, मानेला पट्टा लावणाऱ्याही आहेत.

आता एक प्रश्न येईल: न जाता केलेले दर्शन खरे नाही, असे मी म्हणते आहे का? मुळीच नाही. आपण तर परोक्ष वंदना करणारी माणसे! कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ महिन्यांत आपण अष्टाह्निका पर्व करतो. नंदीश्वर द्वीपावरच्या ५२ जिनालयांची पूजा करतो. तिथे जाऊन आलेले कोणी आहे का? मानुषोत्तर पर्वताच्या पलीकडे मनुष्य जाऊच शकत नाही, तिथे देव जातात, असे आपले शास्त्र सांगते. तरी आठ दिवस आपण इथल्या मंदिरात बसून, मांडणा मांडून, अर्घ्य चढवून तिथली पूजा करतो. श्वेतांबर परंपरेत पालिताण्याला जाता आले नाही तर कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. एका कापडावर रंगवलेला डोंगर, आणि त्यासमोर सगळा संघ हात जोडून उभा!

या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. पटासमोर एका वेळी शंभर माणसे उभी राहतात. कोणी स्तवन म्हणते, कोणी सुरात सूर मिसळते, एखादी आजी शेजारच्या मुलीला सांगते की बघ, हा रस्ता आणि ही टोक. हेडसेट एका वेळी एकीलाच लागतो. बाकीच्या बाहेर बसून तिच्या तोंडाकडे बघतात. आणि घरात पडून असलेल्या बाईला ज्याची सगळ्यात जास्त उणीव असते, ती सोबत, ती त्या यंत्रात नाही.

म्हणून यात्रेच्या निधीला हात लावू नये, असे मला वाटते. आपण नाशिककर तर या बाबतीत भाग्यवान आहोत. म्हसरूळजवळचे गजपंथ शहराला लागूनच आहे. वर चढायला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण पायथ्याशीही मंदिर आहे. जिला चढवत नाही तिला रिक्षाने पायथ्यापर्यंत नेता येते. मांगी-तुंगी सटाणा तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. वरच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास, सगळ्यांना झेपणार नाहीत. पण तिथे डोली आहे. आणि २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे, ती तर दुरूनही नजरेत भरते. दोन हेडसेटच्या पैशांत एक गाडी, डोलीवाल्यांची मजुरी, जेवण आणि सोबत दोन तरुण सुना, एवढे नक्की बसते. डोलीवाल्याच्या घरी चूल पेटते ते वेगळेच.

“पण जी अंथरुणालाच खिळली आहे तिचे काय?” हा प्रश्न रास्त आहे. तिच्यासाठी ३६० अंशांचा व्हिडिओ मोबाईलवर किंवा टॅबवरही दिसतो. मोबाईल हातात धरून फिरवला की चित्र फिरते. आपण तिच्या उशाशी बसावे, मोबाईल आपण धरावा, आणि णमोकार दोघींनी मिळून म्हणावा. याला लागतो तो आपला अर्धा तास. कोणी दात्याने मुद्दाम याच कामासाठी एक हेडसेट दिला, तर मी नको म्हणणार नाही. फक्त तो एका घरी पडून राहू नये, आळीपाळीने फिरावा, आणि तोंडाला लागणारी गादी दर वेळी पुसून पुढे द्यावी.

आता घरातली मागणी. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी भोग आणि उपभोग यांतला फरक सांगितला आहे. एकदा वापरून संपते ते भोग, जसे अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते ते उपभोग, जसे वस्त्र. हेडसेट उपभोगाच्या यादीतला. मग त्याला उपभोगाचीच कसोटी लावू: पुन्हा पुन्हा वापरला जाणार का? समजा ४० हजारांचा घेतला. पहिल्या महिन्यात वीस तास वापरला आणि मग कपाटात गेला, तर तासाला २,००० रुपये पडले. दोनशे तास वापरला तर तासाला २००. तुमच्या घरात घेतलेल्या ट्रेडमिलवर आज काय वाळत घातले आहे, ते आधी बघा आणि मग कोणता आकडा धरायचा ते ठरवा. ज्यांनी परिग्रह परिमाण व्रत घेतले आहे त्यांना तर हा हिशेब नवा नाही. एक वस्तू घरात येते तेव्हा मर्यादेतली जागा व्यापते.

मुलांच्या वयाचेही बघा. ॲपल आपला हेडसेट १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असे सांगते. मेटाचीही मर्यादा आधी १३ होती, २०२३ मध्ये तिने ती पालकांच्या देखरेखीखाली १० वर आणली. आणि आत काय खेळतात तेही पाहा. बरेच खेळ बंदूक चालवण्याचे आहेत, आणि इथे बटण दाबायचे नसते, प्रत्यक्ष हात उचलून नेम धरायचा असतो. “आई, खोटं तर आहे!” असे मुलगा म्हणाला, तेव्हा मी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. कोंबडा पिठाचाच होता. पण मारण्याचा भाव खरा होता, आणि त्याचे फळ राजाला कितीतरी जन्म भोगावे लागले. भाव मोजला जातो, हे आपण दर्शनाच्या बाबतीत मानतो, तर बंदुकीच्या बाबतीतही मानायला हवे.

याचा अर्थ हे यंत्रच वाईट असा नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या जगाचा एक व्हीआर खेळ तयार केला गेला. ड्रेसिंग बदलताना लक्ष तिकडे गुंतते आणि वेदना कमी जाणवतात. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा सराव करायला, कामगारांना धोक्याचे यंत्र हाताळायला शिकवायलाही ते वापरतात. तिथे चाळीस हजार काय, चार लाखही वसूल होतील, कारण तिथे ते रोज वापरात असते आणि त्याला दुसरा सोपा पर्याय नसतो. आपल्या घरात आणि मंडळात या दोन्ही गोष्टी नाहीत.

मुलाला आम्ही नाही म्हटले आहे. भाचा येईल तेव्हा खेळ, मॉलमध्ये तासाचे पैसे देऊन एकदा बघ, पण घरात नको. पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव असा असेल: यात्रेचा निधी यात्रेलाच राहावा. फाल्गुनातल्या अष्टाह्निकेत ज्येष्ठ श्राविकांना गजपंथला नेऊ, उन्हे तापायच्या आत मांगी-तुंगीला. आणि ज्यांना उठताच येत नाही अशा घरांची यादी करून, प्रत्येकीकडे आठवड्यातून एकदा कोणी जायचे ते वाटून घेऊ. तुमच्या गावी, तुमच्या मंडळात असा विषय निघाला तर हा हिशेब तिथेही मांडा.

जय जिनेंद्र!