मधुमेही रुग्णाचे शिक्षण आणि औषधविक्रेता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. यांपैकी द्रव्य आज ज्याच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचते, त्या औषधविक्रेत्याचा विचार आपल्या चर्चांतून क्वचितच होतो. मधुमेहाच्या बाबतीत ही उपेक्षा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे दाखविले. अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतला असा रुग्ण चिकित्सकाकडे काही महिन्यांतून एकदा जातो. औषधाच्या दुकानात मात्र दरमहा येतो. वेचणीच्या दिवसांत तर तो दवाखान्याची फेरी चुकवून जुनीच चिठ्ठी पुढे करतो. अशा वेळी त्याच्याशी दोन शब्द बोलू शकेल असा जाणता माणूस म्हणजे दुकानातील फार्मासिस्टच होय.

आमच्याच अनुभवातील एक प्रसंग येथे नमूद करतो. ग्लिमेपिराइडची गोळी नियमित घेणाऱ्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गुडमार व जांभूळबीचे चूर्ण सुरू केले. दोन्ही औषधे एकाच दुकानातून घेतली. गुरुवारी उपवास होता, गोळीही घेतलेली होती. दुपारी निंदण करताना घाम सुटून तो शेतातच कोसळला. वेळीच साखर मिळाली म्हणून बचावला. दुकानदाराने काही विचारले नव्हते, हे खरे. परंतु त्याआधी तो आमच्याकडे येऊन गेला होता आणि आम्हीही विचारले नव्हते. तेव्हा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारून आम्हांस हात झटकता येणार नाहीत.

औषधविक्रेत्याने चिकित्सक व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. मात्रा बदलणे हे त्याचे काम नव्हे. औषधाविषयी रुग्णाला समजावून सांगणे हे मात्र २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनीच त्याचे कर्तव्य ठरविले आहे. उपवासाच्या दिवशी गोळी वा इन्शुलिन कसे घ्यावे हे चिकित्सकाला आधीच विचारून ठेवा. भोवळ, थरथर, घाम जाणवताच साखर खा. साबूदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी साखर वाढवतेच, इतके सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. इन्शुलिनचे तर विशेषच. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची असते, आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. ज्याच्या घरी फ्रीज नाही, त्याला ओल्या मातीच्या भांड्यात कुपी ठेवण्याची युक्ती सांगावी. बर्फात गोठवू नये, हेही बजावावे.

वैद्यबंधूंची जबाबदारी याहून मोठी आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध असताना अशा पुड्या आजही विकल्या जातात. काही पुड्यांत आधुनिक गोळ्यांची भेसळ निघते, आणि बदनामी आयुर्वेदाची होते. आमच्या औषधावर विसंबून कोणी परस्पर इन्शुलिन सोडत असेल, तर त्याला थांबविणे हा आमचा धर्म आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वैद्याने आपल्या चिठ्ठीवर रुग्णाच्या चालू आधुनिक औषधांची नोंद करावी. औषधविक्रेत्याने चूर्ण देताना आणि गोळी देतानाही एकच प्रश्न विचारावा : “काका, आणखी कोणतं औषध सुरू आहे?” शंका आल्यास चिकित्सकाला दूरध्वनी करावा. अमरावती व अकोला येथील वैद्य आणि औषधविक्रेते यांनी दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसून या गोष्टींची उजळणी करावी.

आपली अवस्था नीट सांगता येणे, म्हणजे ज्ञापकत्व, हा चरकाचार्यांनी उत्तम रुग्णाचा गुण मानला आहे. पण विचारणाराच कोणी नसेल, तर रुग्णाने सांगावे तरी कोणाला?