तोट्यातील संघाची नवी घडी

तोट्यात गेलेली पेढी सावरण्याचे दोन मार्ग असतात. चढ्या भावाने तयार माल आणून दुकान भरलेले दाखवावे, किंवा नफा लांबला तरी चालेल असे ठरवून पायापासून उभारणी करावी. अमेरिकेतील ‘डेट्रॉइट लायन्स’ या व्यावसायिक फुटबॉल संघापुढे २०२१ च्या आरंभी हाच प्रश्न उभा होता. २००८ च्या हंगामात हा संघ सोळाच्या सोळा सामने हरला होता. बाद फेरीतील विजय तर १९९१ च्या हंगामानंतर त्याच्या वाट्याला आलाच नव्हता.

तेथील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. मालक कितीही धनाढ्य असला, तरी वेतनखर्चाची मर्यादा सर्वांना सारखीच. २०२१ साली ती १८ कोटी २५ लाख डॉलर होती. खेळाडू मिळविण्याच्या वाटा मुख्यतः दोन. ‘ड्राफ्ट’मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची सात फेऱ्यांत निवड होते, आणि आदल्या हंगामातील सर्वांत दुबळ्या संघाला पहिला क्रमांक मिळतो. अशा खेळाडूंचे करार चार वर्षांचे आणि तुलनेने स्वस्त असतात. ‘फ्री एजन्सी’मध्ये करार संपलेला अनुभवी खेळाडू बाजारभावाने घ्यावा लागतो.

नवे महाव्यवस्थापक ब्रॅड होम्स यांनी प्रथम घरचे सोने मोडले. बारा हंगाम संघाची धुरा वाहणारा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सला दिला. बदल्यात जॅरेड गॉफ, पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीतील हक्क आणि तिसऱ्या फेरीतील एक हक्क घेतला. त्याच हंगामात स्टॅफर्ड रॅम्ससह सुपर बोल जिंकला. डेट्रॉइटला मात्र पहिल्या विजयासाठी डिसेंबर उजाडावा लागला. हंगामभरात विजय अवघे तीन.

तरीही धोरण बदलले नाही. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पेनेई स्यूएल निवडला गेला. चौथ्या फेरीत, १११ खेळाडूंची निवड होऊन गेल्यावर, अमॉन-रा सेंट ब्राउन हाती लागला. २०२२ मध्ये एडन हचिन्सन आला. २०२३ मध्ये रॅम्सकडून मिळालेला सहावा क्रमांक ॲरिझोनाला देऊन बारावा आणि चौतिसावा क्रमांक घेण्यात आला. त्यांतून जामीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा आले. बाजारातील खरेदी गरजेपुरतीच राहिली. ॲलेक्स अँझलोन २०२१ मध्ये केवळ एका वर्षाच्या करारावर आला आणि पुढे संघाचा आधार झाला. २०२३ मध्ये आलेल्या डेव्हिड माँटगोमेरीने त्या हंगामात धावून १३ टचडाउन केले.

त्या हंगामात संघाने १२ सामने जिंकले. १४ जानेवारी २०२४ रोजी डेट्रॉइटमध्ये बाद फेरीचा सामना झाला. समोर स्टॅफर्डचाच रॅम्स संघ होता. २४-२३ असा निसटता विजय मिळाला आणि तीन दशकांची प्रतीक्षा संपली.

परंतु हिशेब येथेच मिटत नाही. स्वस्त करार संपले की गुणवत्तेचे खरे मोल द्यावेच लागते. २०२४ मध्ये स्यूएलशी ११ कोटी २० लाख आणि सेंट ब्राउनशी सुमारे १२ कोटी डॉलरचे चार वर्षांचे नवे करार झाले. मर्यादा तीच असल्याने दोघांना अधिक दिले, की इतर कोणासाठी तरी हात आखडावा लागतो. त्याची जागा भरण्यासाठी दर वर्षी ड्राफ्टमध्ये पुन्हा तितकीच पारख लागते. पेढी एकदा नफ्यात आली म्हणून नवी माणसे तयार करण्याचे काम थांबविता येत नाही.