ट्यून कुठे केलीस?

जुलैतला शनिवार, कोथरूडमधली गच्ची, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर धो धो पाऊस. रूममेट सोमवारी टोरांटोला चालला होता, त्याची फेअरवेल. गिटार त्याची, वाजवणार अस्मादिक! एसी बेडरूममध्ये बसून सहाही तारा एकदम परफेक्ट लावून आणल्या होत्या. पहिलीच जी कॉर्ड मारली आणि... शी! सगळ्यांना वाटलं, मी नर्व्हस आहे. (होतोच. पण ते वेगळं.)

झालं असं, की एसीतल्या गार तारा बाहेरच्या उबेत आल्या. स्टील तापलं की पसरतं, तार सैल पडते, सूर उतरतो. आणि बारीक तार तापायला वेळ कितीसा लागतो? काही मिनिटं. बरं, सहाही सारख्या उतरल्या असत्या तर गाणाऱ्याने सांभाळून घेतलं असतं. पण प्रत्येकीचा हिशेब वेगळा, हीच तर गोची!

लाकूड मात्र निवांत. ते हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. काही दिवसांत समोरची फळी पोट सुटल्यासारखी वर येते, ब्रिजही उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. म्हणजे पावसात तबला उतरतो, तर गिटार चढते! शिवाय तारा फ्रेटपासून लांब गेल्याने बोटं दुखतात आणि आपण उगाच प्रॅक्टिसला दोष देतो. कोरड्या हवेत याच्या उलट. फळी खाली बसते, तारा फ्रेटवर खरखरतात आणि फारच सुकली तर सरळ चीर.

तेव्हा बॉस, जिथे वाजवायचंय तिथे जा, गिटार अर्धा तास तशीच ठेवा आणि मग ट्यून करा. एरवी ती हार्ड केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा हायग्रोमीटर. ह्युमिडिटी 45 ते 55 टक्के असली की झकास. आणि मे महिन्यात कारच्या डिकीत तर अजिबात नको, ब्रिजचा गोंद सुटतो.

रूममेट गिटार माझ्याकडेच ठेवून गेला. तिकडे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा पार कोरडी होते, त्याला रिस्क नको होती. आता दर रविवारी मी त्याला हायग्रोमीटरचा आकडा मेसेज करतो. परवाचा 63. लगेच रिप्लाय, ‘पुड्या बदल रे!’