विश्लेषण : सायटिकाचे मूळ कुल्ल्यातही असू शकते! ‘कटकन’ आवाजाने पिरिफॉर्मिसचे दुखणे खरंच जाते का?

कुल्ल्यात खोलवर ठसठस, तिथून मांडीच्या मागच्या बाजूने उतरणारी कळ आणि पायाला मुंग्या. बसले की त्रास वाढतो, चार पावले चालले की जरा बरे वाटते. अशी तक्रार केली की पहिले निदान घरातच होते, ‘सायटिका आहे, मणक्यातली गादी सरकली असेल.’ सायटिकाचे कारण बहुतेक वेळा मणक्यातच असते, हे खरे. पण काही रुग्णांचा मणका ठीक असतो आणि नस दाबली जाते ती कुल्ल्यातल्या एका छोट्या स्नायूपाशी. यालाच पिरिफॉर्मिस सिंड्रोम म्हणतात. या दुखण्यावर ‘एका झटक्यात आराम’ देणाऱ्या कायरोप्रॅक्टिकच्या रील्स मोबाइलवर सतत दिसतात. मात्र त्या आवाजाने काय साधते आणि काय साधत नाही, हे टेबलावर झोपण्याआधी माहीत असायला हवे.

पिरिफॉर्मिस म्हणजे नेमके काय?

नाशपतीच्या आकाराचा म्हणून या स्नायूचे नाव पिरिफॉर्मिस. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडापासून निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जोडला जातो. मांडी बाहेरच्या बाजूला वळवण्याचे काम तो करतो. शरीरातील सर्वात जाड नस, म्हणजे सायटिक नस, बहुतेकांमध्ये याच स्नायूच्या खालून जाते. काही जणांमध्ये ती पूर्ण किंवा तिची एक शाखा स्नायूच्या आरपार जाते, पण अशी रचना असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. स्नायू आखडला, सुजला किंवा पडल्यामुळे त्याला मार लागला, की शेजारची नस चिडते.

पाकिटाचा यात काय संबंध?

१९७८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने ‘क्रेडिट कार्ड वॉलेट सायटिका’ या नावाने हा प्रकार नोंदवला होता. मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून तासन् तास बसले की एका कुल्ल्यावर सतत दाब येतो. यूपीआयमुळे पाकीट पातळ झाले, पण त्या खिशात आता मोबाइल आला. त्यात दिवसभराची खुर्ची, तासाभराची दुचाकी आणि पायावर पाय टाकून बसण्याची सवय. कारण रोज आठ तास चालू राहणार असेल, तर दहा मिनिटांचा उपचार त्याला किती पुरा पडणार?

निदान कसे होते?

पिरिफॉर्मिस सिंड्रोम ठामपणे सांगणारी एकच अशी चाचणी नाही. डॉक्टर आधी मणका, खुबा आणि कंबरेच्या तळाचा सांधा यांतील दोष आहे का, हे पाहतात. मग खुबा वाकवून मांडी आतल्या बाजूला वळवली असता नेहमीची कळ उठते का, कुल्ल्यात नेमक्या जागी दाबल्यावर दुखते का, हे तपासतात. गरज वाटल्यास एमआरआय केला जातो, तो मुख्यतः इतर कारणे वगळण्यासाठी. त्यामुळे रील पाहून स्वतःच निदान करणे धोक्याचे.

कायरोप्रॅक्टिकने काय होते?

ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. सांध्याला हाताने नेमका झटका देणे हा तिचा गाभा. त्या वेळी येणारा ‘कटकन’ आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो येतो. झटक्यानंतर काही काळ वेदना कमी होऊ शकते, हालचाल मोकळी वाटते. कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधाविना उपचारांच्या यादीत मणक्याच्या या उपचाराचाही समावेश आहे. पिरिफॉर्मिससाठी मात्र पुरावा तुटपुंजा असून तो मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींवर आधारलेला आहे.

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी डॉक्टरांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे समोरच्याचे शिक्षण विचारणे ही रुग्णाचीच जबाबदारी ठरते. दुखणे कुल्ल्यात असताना कोणी मानेला झटका देऊ लागला, तर स्पष्ट नकार द्यावा. मानेच्या झटक्यातून रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला, तरी गंभीर आहे.

व्यायाम कोणता?

तपासणीनंतर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलेले हे व्यायाम घरी करता येतात.

१. पाठीवर झोपून गुडघे वाकवा. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी दोन्ही हातांनी छातीकडे ओढा. २० ते ३० सेकंद थांबा. असे तीन वेळा.

२. कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवा आणि वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा. १० वेळा.

३. सेतुबंधासनासारखी कंबर सावकाश उचला, पाच सेकंद थांबा. १० वेळा.

हलका ताण चालेल, पण पायात कळ किंवा मुंग्या वाढल्या तर थांबा. दर ३० ते ४० मिनिटांनी खुर्चीतून उठा आणि मागचा खिसा रिकामा ठेवा. फरक काही आठवड्यांत दिसतो, दोन दिवसांत नाही. तरीही त्रास राहिला तर डॉक्टर औषधे किंवा स्नायूतील इंजेक्शन सुचवतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

या लक्षणांत वाट पाहू नका

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरपणा, पाऊल उचलता न येणे यांपैकी काहीही झाले तर मालिश, झटका, व्यायाम सगळे बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, ताप किंवा अकारण वजन घटणे यांतही आधी डॉक्टर.

कायरोप्रॅक्टिकला सरसकट भोंदूगिरी म्हणणे चूक आणि त्याला रामबाण मानणेही चूक. तपासणीनंतर, प्रशिक्षित हातांनी केलेला उपचार वेदना कमी करून व्यायामाला वाट मोकळी करून देत असेल, तर त्याचा उपयोग आहे. पण महिनोन् महिने फक्त झटक्यांची पॅकेजेस विकली जात असतील आणि घरी काय करायचे, कसे बसायचे, हे कोणी सांगतच नसेल, तर तिथे रुग्ण बरा होण्यापेक्षा परत येण्याची सोय अधिक आहे, हे ओळखावे.