बारा आकडे आणि रिकामा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. गाव कंधार तालुक्यातलं. गोठ्यात आमची लाल कंधारी गाय, तिच्या कानात पिवळा बिल्ला आणि बिल्ल्यावर बारा आकडे. मी नंबर टिपून घ्यायला लागलो तर आबा म्हणाले, "काय करायलास रे?"

"हिची माहिती कॉम्प्युटरवर असते आबा."

"असं का? मग सकाळी दूध किती दिली ते बी बघ की!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या मोबाईलवर नोंद उघडून दाखवली. जात, अंदाजे वय, लाळ्या-खुरकताची लस. दुधाचा रकाना रिकामा. बापाचा म्हणजे वळूचा रकानाही रिकामा. आता गाय माळावर चरते, गावात वळू मोकळा फिरतो, मग बाप कोण हे आबा तरी कुठून सांगणार!

मित्रांनो, आपल्याकडे हल्ली 'बिग डेटा' हा शब्द सेमिनारमध्ये चहा-बिस्किटासारखा फिरतो. जनावरांच्या शास्त्रातही तो आलाय. गळ्यातला पट्टा रवंथ मोजतो, कॅमेरा लंगडणारी गाय ओळखतो, दुधाचं मशीन प्रत्येक धारेचा हिशेब ठेवतो. आणि डीएनए चिप एका रक्ताच्या थेंबातून हजारो खुणा वाचते. अमेरिकेत २००९ पासून होलस्टीन वळूची किंमत त्याच्या डीएनएवरून अधिकृतपणे ठरू लागली. त्याआधी त्याच्या मुली मोठ्या होऊन दूध देईपर्यंत पाच-सहा वर्षं थांबावं लागायचं.

आपणही मागे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' यांचं उद्घाटन झालं. छान झालं. पण चिप एकटी काही बोलत नाही. हजारो गाईंचा डीएनए एका बाजूला आणि त्याच गाईंचं मोजलेलं दूध, वजन, वेताचं अंतर दुसऱ्या बाजूला, असं जोडलं की मगच गणित सुटतं. हो, बापाचा रकाना चिप भरून देईल, त्या वळूचाही डीएनए घेतला असेल तर. दुधाचा नाही भरणार. तो रोज सकाळी बादली घेऊनच भरावा लागतो.

अमेरिकेच्या वळवांचं भाकीत जमलं, कारण तिथे दुधाच्या वह्या शंभर वर्षं लिहिल्या जात होत्या. आपण वही टाळून थेट चिपवर उडी मारायला निघालोय.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मोजायचं काय, हे ठरवतं कोण? सगळी यंत्रं दूध मोजतात. देवणी दूध आणि काम दोन्हीसाठी पाळतात, तिचं थोडंफार तरी भागेल. पण लाल कंधारीची ओळख तिच्या बैलामुळे. भर उन्हात वखर ओढायची ताकद, कडब्यावर तग धरणं, याचा रकानाच कुठे नाही! जे मोजलं जात नाही ते निवडलंही जात नाही. उद्या संगणकाने फक्त दुधावर क्रमवारी लावली तर आमची लाल गाय यादीत तळाला जाईल, आणि तळाच्या गाईचं वासरू कोण ठेवतो?

कोणी म्हणेल, ट्रॅक्टरच्या जमान्यात बैलाची ओढ कशाला मोजायची? बरोबर आहे, बैल कमी होतायत. पण दोन-चार एकरवाल्याची कोळपणी अजून बैलावर चालते. आणि ऊन सोसण्याचा गुण तर दुधाच्या गाईलाही लागणारच आहे, आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हॉस्टेलच्या पत्र्याखाली राहिलेल्यांना हे सांगायला नको.

इथे आपलं काम सुरू होतं. औताच्या दांडीला लोडसेल बसवला की ओढ किलोत मिळते. लोडसेल आपल्या लॅबमध्ये धूळ खात पडलेत (सरांनी माफ करावं). परदेशातला पट्टा गव्हाणीवर उभ्या होलस्टीनवर शिकवलेला असेल, तर तो बालाघाटच्या माळावर चालत-चालत चरणाऱ्या गाईला काय समजणार? त्याला आपल्याच गाईंवर शिकवावं लागेल. उदगीरचं पशुवैद्यकीय कॉलेज एका एसटीच्या अंतरावर आहे. पण आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट पुण्याहून विकत येतात. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

एक अट मात्र हवी. आकडे ज्याच्या गाईचे, त्याला ते परत मिळाले पाहिजेत, मराठीत आणि त्याच्या मोबाईलवर. आबा रोज दूध मोजून सांगतील, पण त्याचं काय झालं हे कळलं तर. नाहीतर आठ दिवसांत म्हणतील, "तुझं तूच मोज बाबा."

पुढच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी एकाच मैदानावर बघायला मिळतील. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ६६०, की अंदाजे वजन किलोत. टेपने मोजायचं, मोबाईलने फोटो काढायचा आणि फोटोवरून तेच उत्तर येतं का ते पाहायचं. मालकाला विचारून, आणि शिंगांपासून जरा लांब राहून. मी टेप आणि वही घेऊन जाणार आहे. कोणाला यायचं असेल त्याने मेसच्या फळ्यावर नाव लिहावं.